दिघेविरुद्ध पाच मॅच

५ फेब्रु., गुरु.

दिघे येतोय.

नागपूरने काल सेमी काढली. म्हणजे बास्केटबॉल लीगच्या फायनलला आपण आणि ते. पाचात तीन जिंकायच्या. पहिल्या दोन मॅच इथे, पुढच्या दोन नागपूरला, तोवर निकाल नाही लागला तर पाचवी परत नाशिकला. आमच्या कोच अल्का मॅडमनी ग्रुपवर एवढंच टाकलं: उद्या सात वाजता, उशीर नको. मी फोन हातात घेऊन तशीच बसले. मग पोळ्या करायला घेतल्या. तीन करपल्या.

आई म्हणाली, "काय झालं?"

"दिघे नागपूरचा कोच आहे."

तिने पुढे येऊन गॅस बारीक केला.

नऊ वर्षांत त्याला तीनदा पाहिलं, तिन्ही वेळा लांबून. लीगमध्येही नागपूर दुसऱ्या गटात होतं, समोर कधी गेले नाही. आता कोर्टच्या कडेला तो उभा असणार आणि मध्ये फक्त एक पांढरी रेघ.

हरवायचंय त्याला. जिंकायचंय असं नाही लिहीत. हरवायचंय. फरक आहे.

६ फेब्रु., शुक्र.

प्रॅक्टिस बरी. एकदा सगळं लिहून काढते, म्हणजे मॅचमध्ये डोक्यात घुमणार नाही.

मी तेवीस वर्षांची. राज्याचा कॅम्प, कोच दिघे. तिसऱ्या दिवशी डावा गुडघा आतल्या आत सरकला. टप्प. त्याला सांगितलं. म्हणाला, "मनाचं दुखणं आहे. गोळी घे." मी परत सांगितलं. मग म्हणाला, "तुम्हा लोकांना सहन करायची सवयच नाही. सगळं आयतं लागतं." कोणत्या लोकांना, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. मला कळलंय हे त्यालाही कळलं होतं.

तरी मला दोन मॅच खेळवलं. दुसऱ्या मॅचला स्ट्रेचरवर बाहेर. लिगामेंट तुटलेलं, गुडघ्यातली गादी फाटलेली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कागद घेऊन आला: खेळाडूने दुखापत लपवली, कोचला कल्पना दिली नाही. सही कर, नाहीतर पुढचं काही होणार नाही. मी केली. तेवीस वर्षांची, आई बाहेर बाकावर, पाय सुजून भोपळा. केली सही.

इंडिया कॅम्पचं बोलावणं गेलं. खेळाडू म्हणून नोकरीचं होत आलं होतं, तेही गेलं. दोन वर्षं घरात. मग शाळेत पीटीची टीचर. ही लीग निघाली तेव्हा परत उतरले. बत्तिसाव्या वर्षी मी प्रोफेशनल. वर्षातले चार महिने.

लिहून झालं. डोकं तसंच घुमतंय.

७ फेब्रु., शनि.

दोन्ही टीमचा फोटो होता. सिंहस्थाच्या कामांनी द्वारका चौकापासून रस्ता उकरून ठेवलाय, नागपूरची बस तासभर उशिरा. दिघे उतरला. केस पांढरे, पोट तेवढंच. पत्रकार उभे, मुली उभ्या, आणि हा लांबूनच:

"काय वैशाली, गुडघा काय म्हणतोय?"

हसला. पत्रकारही हसले, त्यांना काय माहीत.

"छान आहे सर."

सर! मी त्याला सर म्हटलं. घरी येईपर्यंत रिक्षात स्वतःलाच शिव्या घालत होते. रिक्षावाल्याने आरशातून दोनदा बघितलं.

८ फेब्रु., रवि. मॅच १

हरलो. ६१–६८.

माझे सहा पॉइंट. सहा. त्याने माझ्या अंगावर तन्वी नावाची पोरगी सोडली, वीस वर्षांची, वर्ध्याकडची. वाऱ्यासारखी पळते. मी डावीकडे गेले तर ती आधीच तिथे. तिसऱ्या क्वार्टरला माझा सोपा शॉट रिंगला लागून बाहेर आला तेव्हा दिघेने टाळ्या वाजवल्या. स्वतःच्या टीमसाठी नाही. माझ्याकडे बघून.

मॅचनंतर भूमी शेजारी येऊन बसली. आमची सेंटर. सहा फूट एक इंच, नामपूरची, अहिराणी बोलते, मनात काही ठेवत नाही. म्हणे, "ताई, माले फक्त नंबर सांग. कोनले पाडानं शे?"

हसू आलं. पण उत्तर माझ्याकडे तयार होतं, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

९ फेब्रु., सोम.

शाळेत हजेरी लावून प्रॅक्टिसला. पोरी विचारतात, बाई, काल काय झालं? म्हटलं, वर्गात जा.

१० फेब्रु., मंगळ. मॅच २

जिंकलो. ७०–६४. माझे एकोणीस. १–१.

पण लिहायचं ते दुसरंच. दुसऱ्या क्वार्टरला तन्वी रिबाउंडला उडाली आणि खाली आली ती फक्त डाव्या पायावर. उजवा पाय मागून, हळूच, पाणी गार आहे का बघावं तसा टेकवला. मग दोन पावलं नीट. मग पळाली. कोणाला दिसलं नाही. मला दिसलं. तो पाय मी दहा दिवस वापरलाय.

तिच्या उजवीकडून गेलं की ती अर्धं पाऊल मागे पडते. माझे शेवटचे आठही पॉइंट तिथूनच.

दिघेला हे माहीत असणार. नसेल असं होऊच शकत नाही.

११ फेब्रु., बुध.

अल्का मॅडमना सांगितलं, तन्वीचा उजवा गुडघा गेलाय. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग उजवीकडून खेळ. दुबळी बाजू दिसली तर तिथूनच जायचं असतं, त्यात पाप नाही. पण अंगावर जायचं नाही."

दिवसभर हिशोब करत होते की तन्वी बसली तर दिघेकडे दुसरी गार्डच नाही. ती बसली की तो संपला. हा विचार मला आला, आणि मी तो लगेच झटकला नाही. चहा होईपर्यंत ठेवला मनात. गोड लागला.

१३ फेब्रु., शुक्र.

सकाळी नागपुरात पोचलो. दुपारी हॉल बघून आलो. भूमी म्हणते इथे रिंग खाली वाटते. रिंग सगळीकडे सारखीच असते गं बाई.

१४ फेब्रु., शनि. मॅच ३

हरलो. ५८–६०. माझ्यामुळे.

मॅचआधी बाथरूममध्ये गेले तर तन्वी नळाजवळच्या कट्ट्यावर बसलेली, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. दचकली. म्हणाली, "ताई, सांगू नका ना कोणाला." मी विचारलं, डॉक्टरला दाखवलंस? म्हणाली, "सर म्हणतात मनाचं दुखणं आहे. गोळी देऊन राहिले."

शब्दसुद्धा बदलले नाहीत त्याने. नऊ वर्षांत.

मी तोंडात पाणी घेऊन चूळ भरली आणि बाहेर आले. आणि मग मॅचभर तिच्या उजवीकडून जाताच येईना. पाय वळायचेच नाहीत. डावीकडून गेले, अडले. शेवटच्या मिनिटाला डावीकडून गेले, बॉल गेला, मॅच गेली.

हात मिळवायच्या रांगेत दिघेने माझा हात जरा जास्त वेळ धरला. वाकून, फक्त मला ऐकू येईल असं: "तू अशीच आहेस. शेवटी ढेपाळतेस. मी तेव्हाच लिहून दिलं होतं."

१–२. अजून एक हरलो की संपलं.

१५ फेब्रु., रवि.

आईचा फोन. आज महाशिवरात्र, त्र्यंबकला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरलाय, ती विहारातून चालत घरी आली. म्हणाली, "आवाज का असा?" म्हटलं, सर्दी. म्हणाली, "खेळायला गेलीस ना? मग खेळून ये. मागचं उकरत बसू नको."

मागचं? तो काल माझा हात धरून बोलला आई. काल.

उद्या त्याला सोडणार नाही.

१६ फेब्रु., सोम. मॅच ४

जिंकलो. ६६–५९. २–२.

क्रमाने लिहिते. जसं झालं तसं, कमी न करता.

पहिल्यापासून तिच्या उजवीकडून गेले. मोजलं नाही, पण भूमी म्हणते अकरा वेळा. दर वेळी ती मागे पडायची, मी आत जायचे. तिसऱ्या क्वार्टरला ती लंगडत होती, आता सगळ्या हॉलला दिसत होतं. त्यांच्या फिजिओने दिघेला काहीतरी सांगितलं. त्याने हात झटकला. ती बेंचकडे बघायची, तो कोर्टकडे बोट दाखवायचा. मी मनात म्हणत होते, ठेव तिला, ठेव अजून, बघू दे सगळ्यांना.

शेवटची दोन मिनिटं, स्कोअर बरोबरीत. मी परत उजवीकडून. तिला चुकवून झालं होतं. मोकळा रस्ता होता. ले-अपसाठी पाऊल जिथे पडायला हवं होतं, त्याच्या वीतभर आत टाकलं. गुडघ्याला गुडघा लागला. बॉल आत गेला. रेफ्रीने शिट्टी वाजवली नाही.

आवाज मी ऐकला. हॉलमध्ये एवढा गोंगाट, तरी ऐकला.

आणि मला आनंद झाला. एक क्षण, पण झाला. मी तिच्याकडे नाही, दिघेकडे बघितलं. त्याचा चेहरा बघायचा होता. तो बघायला मिळाला.

मग तो कोर्टवर आला, तिच्या डोक्याशी उभा राहिला. "ऊठ. काही झालेलं नाही. ऊठ." ती उठत नव्हती. पाय नको तिकडे वळलेला. मी तीन फुटांवर. भूमीने मला धरून बाजूला नेलं. म्हणाली, "चाल ताई. दखू नको."

ती उताणी पडून माझ्याकडेच बघत होती.

नंतरची दोन मिनिटं आम्ही जिंकलो. त्यांच्याकडे गार्डच नव्हती.

१७ फेब्रु., मंगळ.

गाडी दुपारची होती. सकाळी कोणाला न सांगता हॉस्पिटलला गेले. रिकाम्या हाताने. काय नेणार?

तन्वीजवळ तिची आई. त्यांना वाटलं मी त्यांच्याच टीमची, खुर्ची दिली, पाणी दिलं. तन्वी म्हणाली, "आई, जरा बाहेर बस ना."

"ताई, तुम्ही दुसऱ्या मॅचपासून माझा पाय पाहून राहिल्या होत्या ना?"

"हो."

"कालचं शेवटचं. पाऊल चुकलं की...?"

मी म्हटलं, "नाही चुकलं."

मला वाटलं ओरडेल. ओरडायला हवं होतं. ती म्हणाली, "मला सांगायचं होतं ना तुम्ही. सरांना सांगून उपयोग नव्हता, ते मला माहीत आहे. पण मला सांगितलं असतं तर मी बसले असते. तुम्ही म्हटलं असतं तर बसले असते. तुमचं काय झालं ते मुली आपसात सांगतात." मग म्हणाली, "बाथरूममध्ये तुम्ही चूळ भरून निघून गेल्या."

मी खुर्चीवरून उठले.

निघताना तिने फोन पुढे केला. दिघेचे मेसेज. गोळी दोन घे. टेप आतून लाव, बाहेर दिसू नये. नाटक नको, घरी बसायचं असेल तर कायमची बस. सगळं लिहिलेलं, तारखेसकट. नऊ वर्षांपूर्वी असं लिहिलेलं माझ्याकडे काही नव्हतं.

"सर गुरुवारी कागद घेऊन येणार आहेत," ती म्हणाली. "मी लपवलं म्हणून लिहून द्यायचं. शुक्रवारी ऑपरेशन."

"सही करू नकोस."

"तुम्ही केली होती."

"म्हणूनच सांगतेय."

"मी एकटीने काय करू?" मग, माझ्याकडे न बघता: "तुम्ही तुमचं लिहून द्याल? लीगला? माझं पाठवायच्या आधी? मग मला हिंमत येईल."

गाडीत भूमीने द्राक्षं पुढे केली. नको म्हटलं. खिडकीकडे तोंड करून बसले नाशिकरोडपर्यंत.

१८ फेब्रु., बुध.

अल्का मॅडमच्या घरी गेले. सगळं सांगितलं, वीतभर पावलासकट. त्या ऐकून उठल्या, खिडकी लावली, परत बसल्या.

"शुक्रवारी पाचवी मॅच आहे वैशू."

"माहीत आहे."

"आज दिलंस तर ते तुलाही बोलावतील. मुद्दाम इजा म्हणजे बंदी. तुझ्याशिवाय मी कोणाला उतरवू? रविवारी दे. ट्रॉफी घरी ठेव आणि मग दे."

"तिची सही उद्या आहे मॅडम. त्याने सही घेतली की संपलं. माझं तसंच संपलं होतं."

"मग दिघेचं लिही. तुझं पाऊल कशाला लिहितेस? रेफ्रीनेसुद्धा पाहिलं नाही."

"दिघेने पाहिलंय."

हेच खरं कारण आहे. मोठेपणा नाही. मी लपवलं तर तो ते व्हिडिओत काढून दाखवेल आणि म्हणेल, बघा, हिनेच पाय मोडला आणि आता मला शिकवतेय. मग माझं एकही वाक्य उभं राहणार नाही. त्याला पाडायचं तर मला त्याच्यासोबत पडावं लागेल. दुसरा रस्ता शोधला. सापडला नाही.

मॅडम म्हणाल्या, "आम्ही अकरा जणी आहोत. भूमीला पहिल्यांदा कोणी टीव्हीवर बघतंय. आमचा काही विचार?"

केला. केला म्हणूनच अजून पाठवलं नाही.

१९ फेब्रु., गुरु.

शिवजयंती. सकाळपासून ढोल. खिडकी लावूनही काचा थरथरत होत्या. शाळेला सुट्टी.

आईला सांगितलं. पाऊलसुद्धा. ते सांगताना तिच्याकडे बघू शकले नाही, तिच्या बांगड्यांकडे बघत होते. ती तीस वर्षं अंगणवाडीत होती, लहान पोरांचं रडणं खरं की खोटं हे आवाजावरून ओळखते.

मग म्हणाली, "त्या पोरीची आई कोण?"

"होती तिथे. मला पाणी दिलं तिने."

"तेव्हा मी बाहेर बाकावर होते," आई म्हणाली. "आत काय चाललंय मला कोणी सांगितलं नाही. तूसुद्धा नाही." तिने नऊ वर्षांत हे कधी काढलं नव्हतं.

मग कपाटातून कोरे कागद काढून आणले. "तोंडी सांगितलेलं वाऱ्यावर जातं. आपल्या लोकांनी जे काही मिळवलं ते अर्ज लिहूनच. लिही. शिव्या घालू नको, तारखा घाल."

दुपारपर्यंत साडेतीन पानं. तिसऱ्या पानावर पावलाचं. ते वाक्य पाच वेळा लिहिलं. पहिल्या चार वेळा त्यात 'नकळत' होतं. आईने वाचून पेन परत हातात दिलं.

तन्वीला मेसेज केला: लिहिलंय. तिचा लगेच आला: सर बसून आहेत इथे. झोपेचं सोंग घेतलंय मी.

हसले. बऱ्याच दिवसांनी.

अजून पाठवलेलं नाही. उद्या सकाळी.

दिघे तिकडे एका वीस वर्षांच्या पोरीच्या खाटेशी कागद घेऊन बसलाय. हे डोळ्यांसमोर आलं की वाटतं, पाय नाही, त्याचा हात मोडायला हवा होता.

२० फेब्रु., शुक्र. मॅच ५

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. सही केलेल्या चारही पानांचे फोटो, लीगच्या तीन पत्त्यांवर. बटण दाबलं. मग आंघोळ केली.

दहा वाजता अल्का मॅडमना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं." नंतर: "किट घेऊन ये तरी."

अकराला तन्वीचा मेसेज: सही नाही केली. माझंपण पाठवलं, मेसेजचे फोटो जोडले. आता आत नेऊन राहिले.

दुपारी भूमीला मीच सांगितलं. दुसरीकडून कळण्यापेक्षा. ती जमिनीकडे बघत राहिली. म्हणाली, "ताई, तू मले सांगतीस तं मी तुले आडवतू." आणि निघून गेली. रागावली असेल. तिचा हक्क आहे. थोड्या वेळाने परत आली, माझी बॅग उचलली आणि बसमध्ये नेऊन ठेवली.

पावणेपाच. हॉलच्या मागच्या पॅसेजमध्ये बाकावर बसून लिहितेय. आत शाळेच्या पोरी शिट्ट्या घेऊन आल्यात, आत्तापासून कान फुटतायत. मला वॉर्म-अपला जाऊ दिलेलं नाही. लीगची माणसं आतल्या खोलीत बसलीत.

दिघे आला. समोरच्या बाकावर त्यालाही बसवलंय. म्हणजे दोघंही बाहेर. बराच वेळ फोनशी खेळत होता. मग:

"तुला कळतंय का तू काय केलंस? तुझंच नाव आहे त्यात."

"मीच लिहिलंय."

"बुडालीस तू."

"हो," मी म्हटलं. "पण तुम्हाला धरून."

सर म्हटलं नाही.

त्याचा चेहरा सोमवारी बघितला होता तसा नव्हता. सोमवारी रागावला होता. आज घाबरलाय. यासाठी नऊ वर्षं थांबले होते, आणि वाटलं होतं बघून पोट भरेल. भरलं नाही. पण नजर काढावीशीही वाटत नाही. बघतेय. बघू दे मला.

आत ढोल सुरू झाला. टीमची नावं पुकारायला घेतली असणार.

खोलीचं दार उघडलं. चष्मा लावलेल्या एक बाई आहेत, हातात माझीच पानं, कडा दुमडलेल्या. म्हणाल्या, "दोघांचंही ऐकायचंय. आधी कोण येतंय?"

तो उठत नाहीये. मी उठतेय.